पहिल्या गाण्याला दहापैकी किती?

हेवी मेटलचा नवा अल्बम आला की चाहत्यांचं पहिलं काम ठरलेलं असतं. पहिलं गाणं लावायचं, संपलं की पुन्हा लावायचं, आणि मग सोबत्यांना विचारायचं: दहापैकी किती? कुणी नऊ देतो, कुणी साडेसहा, आणि साडेसहावाल्याला लगेच जाब विचारला जातो. ड्रमचा आवाज पातळ का लागतोय, गायक पहिल्या कडव्यात एवढा हात राखून का गातोय, मधला सोलो लांबला की नाही, यावर रात्र रात्र वाद रंगतात. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. माझं मत वेगळं आहे. पहिल्या गाण्याला गुण देणारा चाहता एका वचनाची पारख करत असतो. पुढच्या पाऊण तासात काय मिळणार आहे, कोणत्या वेगानं, कोणत्या रंगात आणि किती जीव ओतून मिळणार आहे, हे बँड पहिल्या चार-पाच मिनिटांत कबूल करून टाकतो. ती कबुली नीट दिली गेली का आणि पुढे पाळली गेली का, हे विचारणं म्हणजे समीक्षाच आहे. ती पदवी नसलेली माणसं करतात म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

या संगीताचा जन्मच एका पहिल्या गाण्यातून झाला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 13 फेब्रुवारी 1970 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या चार पोरांचा पहिला अल्बम बाजारात आला. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, अल्बमचं नाव तेच आणि पहिल्या गाण्याचंही तेच. सुरुवातीला पाऊस पडतो, ढग गडगडतात, लांबून चर्चची घंटा ऐकू येते. मग टोनी आयोमीची गिटार एकदम अंगावर येते आणि फक्त तीन सूर वाजवते. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि त्यानंतर तीव्र मध्यम. कान पंचमाची वाट पाहतो, कारण तीव्र मध्यमाचा ओढा पंचमाकडे असतो. पण पंचम येत नाही. सूर तिथेच थरथरत राहतो आणि पुन्हा खालच्या षड्जावर कोसळतो. पंचम वर्ज्य असलेल्या मारव्यात दिवेलागणीला जी हुरहुर दाटून येते, तिच्या जवळपासची ही जागा आहे. फक्त इथे हुरहुरीची भीती झाली आहे. आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं, आणि तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा ढिल्या करून सूरही खाली उतरवला. मेटलच्या त्या जड, खर्जातल्या आवाजामागे एका कामगाराची जायबंदी बोटं आहेत.

तो अल्बम जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. त्या वेळच्या नावाजलेल्या समीक्षकांपैकी अनेकांनी तो झिडकारला. श्रोत्यांनी मात्र तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत नेऊन बसवला. त्या पहिल्या सहा मिनिटांत संथपणा, वजन आणि धास्ती यांचं जे वचन होतं, ते साध्या श्रोत्याच्या कानाला आधी कळलं. म्हणूनच चाहत्यांची पारख हलक्यात घेऊ नये असं मला वाटतं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, मेटलचे कितीतरी पोटप्रकार निघाले, तरी त्या तीन सुरांचं ऋण कुणी नाकारलेलं नाही.

पहिल्या गाण्याला एवढं महत्त्व येण्यामागे एक निव्वळ यांत्रिक कारणही आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. लाँग प्ले तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे घेते, मग सुई काठावर असो की मध्याजवळ. पण काठावरचा फेरा मोठा असतो. काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच सरकते, मध्याजवळ जेमतेम 20 ते 21. लांबी जास्त म्हणजे बारकावे कोरायला जागा जास्त. झांजांची किणकिण, गिटारची धारदार वरची कड, गायकाची किंकाळी, हे सगळं काठाजवळच्या गाण्यात जास्त स्वच्छ उमटतं. तबकडीचा काठ म्हणजेच पहिलं गाणं. तेव्हा सगळ्यांत आक्रमक, सगळ्यांत चमकदार आवाजाचं गाणं पहिलं ठेवण्यात तंत्रज्ञाचाही स्वार्थ होता. पुढे कॅसेट आली आणि दुसरी सवय लागली. कॅसेटमध्ये गाणं ओलांडणं कटकटीचं, रिवाइंड-फॉरवर्ड करताना अंदाज चुकायचा, त्यामुळे ‘ए’ बाजूचं पहिलं गाणं आपोआप सर्वांत जास्त वेळा ऐकलं जायचं. मुंबई-पुण्याच्या ज्या पिढीनं नव्वदच्या दशकात मेटल ऐकलं, तिचे कान असे कॅसेटवर घडले.

इथे एक आक्षेप हमखास येतो. हे सगळं साहेबाचं, शहरी पोरांचं, गोंगाटाचं. आपल्याकडच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला, किंवा मराठवाड्याच्या कुठल्याही गावातला भजनाचा जाणता श्रोता घ्या. वारकरी भजन कुठूनही सुरू होत नाही. आधी नामाचा जप, मग रूपाचा अभंग, आणि त्यानंतर बाकीचं. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक बेताची लागली आहे का, वीणेकऱ्याचा सूर आणि पेटीचा सूर एक झालाय का, टाळकरी ठेक्यात बसलेत का, हे तो श्रोता जपातच ओळखतो. आज भजन रंगणार की नुसतं उरकणार, याचा निकाल त्याच्या मनात रूपाचा अभंग संपायच्या आत लागलेला असतो. तमाशात गण आधी, मग गवळण, बतावणी आणि वग. संगीत नाटकात नांदी. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षक नांदीलाच पुढच्या रात्रीचा अंदाज बांधत आला, आणि ‘वन्स मोर’ देऊन किंवा न देऊन आपले गुण जागच्या जागी जाहीर करत आला. वन्स मोरला कुणी पोरखेळ म्हटलं नाही. त्यावर वाद झाले, गटबाजी झाली, पण त्यातूनच गायक-नटांची कसोटी लागली. आरंभावरून पारख करणं आणि त्या पारखीवरून भांडणं, ही आपल्या घरचीच रीत आहे. जिंतूरच्या एखाद्या तरुणाच्या फोनवर लंडनचं गाणं त्याच दिवशी येतं, तेव्हा ते ऐकायला लागणारा कान त्याला वारशानं मिळालेला असतो.

आणि हे संगीत तसं लांबचंही राहिलेलं नाही. 1986 पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत आला. धोबीतलावजवळचं रंगभवन हे अनेक वर्षं त्याचं घर होतं. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे ते खुलं नाट्यगृह अशा कार्यक्रमांना बंद झालं. मग 1 फेब्रुवारी 2008 हा दिवस आला. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडनं आपल्या जगभराच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर केला. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. बँडला आणि सगळ्या सामानाला घेऊन फिरणारं बोइंग 757 तो स्वतः चालवत होता. त्या दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यात 45 दिवसांत 23 कार्यक्रम झाले, त्यावर ‘फ्लाइट 666’ हा माहितीपट निघाला आणि 2009 मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. त्यातलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरात ध्वनिमुद्रित केलेलं आहे. चर्चिल यांच्या भाषणानंतर त्यावर जे पहिलं गाणं येतं, ‘एसेस हाय’, ते मुंबईचं आहे. जगभर विकल्या गेलेल्या एका मेटल अल्बमच्या पहिल्या गाण्यात मुंबईकरांचा आरडाओरडा कायमचा कोरला गेला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हे गाणं जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पहिल्या गाण्यानं काय करावं हे त्यात लख्ख दिसतं. ते मूळचं 1984 च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमचं पहिलं गाणं. बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसनं लिहिलेलं. विषय 1940 सालची ब्रिटनच्या आकाशातली लढाई: जर्मन विमानं येताहेत, भोंगा वाजतो, वैमानिक आपल्या स्पिटफायरकडे धावत सुटतात. सुरुवातीला दोन गिटार जोडीनं एक भारदस्त, जराशी सावकाश चाल वाजवतात. अजून कुणी पळत नाहीये, पण काहीतरी येणार हे कळतं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास निको मॅकब्रेनचे ड्रम वेग धरतात आणि तिथून गाणं मागे वळून पाहत नाही. ध्रुवपदात डिकिन्सनला एकदम वरच्या पट्टीत झेप घ्यावी लागते. स्टुडिओत हे सोपं. मैदानावर, गळा अजून तापलेला नसताना, कार्यक्रमाचं पहिलंच गाणं म्हणून हे गाणं गायचं म्हणजे गायकानं स्वतःला परीक्षेला बसवणं आहे. साडेचार मिनिटांत बँड सांगून टाकतो: इतिहास येणार, वेग येणार, दोन गिटारींचा संवाद येणार. ‘पॉवरस्लेव्ह’मध्ये पुढे हे सगळं येतं, शेवटी कोलरिजच्या कवितेवर बेतलेलं तेरा मिनिटांहून मोठं गाणंही येतं. वचन पाळलं गेलं. माझ्या लेखी मूळ ध्वनिमुद्रणाला दहापैकी साडेनऊ.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणाला मात्र मी वेगळा हिशेब लावीन. मैदानावर या गाण्याआधी चर्चिल यांचं 4 जून 1940 चं संसदेतलं भाषण ऐकवलं जातं (आपण ऐकतो तो आवाज त्यांनी बऱ्याच नंतर, 1949 मध्ये मुद्रित केला). भारताच्या स्वातंत्र्याला वर्षानुवर्षं विरोध करणारे, 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा पंतप्रधान असलेले हेच ते चर्चिल. ज्या शहरात 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि ज्यांच्या सरकारनं दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना तुरुंगात टाकलं, त्याच शहरात, त्याच माणसाच्या आवाजावर हजारो पोरं जल्लोष करतात. बँडचा हेतू वाईट नाही. त्यांच्यासाठी ते फॅसिझमविरुद्धच्या लढाईचं स्मरण आहे आणि ती लढाई खरी होती. पण मराठी चाहत्यानं गुण देताना हा प्रश्न मनात आणू नये, असं कुणी म्हणेल तर मी सहमत होणार नाही. गाण्याचा आशय, त्याआधीचा आवाज, तो कुठे वाजतो आहे, हेही वचनाचाच भाग आहेत. चाहत्यांची चर्चा सुरांवरच अडकत नाही, याचं एक जुनं उदाहरण आहे. 1986 साली स्लेयर या अमेरिकन बँडच्या ‘रेन इन ब्लड’चं पहिलं गाणं आउशवित्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याच्यावर होतं. त्यामुळे कोलंबिया कंपनीनं अल्बमचं वितरण नाकारलं. गाण्यात मेंगेलेची कृत्यं सांगितली आहेत, निषेध वेगळा उच्चारलेला नाही. निषेध उच्चारायलाच हवा का, की कृत्यं सांगणं पुरेसं आहे, यावर चाहते आजही भांडतात. एका पहिल्या गाण्यानं एवढा नैतिक प्रश्न समोर ठेवला आणि ऐकणाऱ्यांनी तो टाळला नाही.

आता आकड्यांबद्दल. कलेला गुण देणं हास्यास्पद आहे, साडेसात आणि आठ यांत काय फरक, असं म्हटलं जातं. आकड्यापुरती ही टीका बरोबर आहे. शिवाय गुण देणारे आधीपासून त्या बँडचे भक्त असतात, त्यामुळे नऊ आणि दहांचा पाऊस पडतो आणि त्या सरासरीतून काहीच कळत नाही. पण आकडा हा वादाचा शेवट नसतो, तिथून तर वाद सुरू होतो. साडेसात म्हटलं की ‘अडीच कुठे कापलेस?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर देताना माणसाला गाण्यात परत जावं लागतं, नेमकी जागा दाखवावी लागते. नुसतं ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्याला ही तसदी पडत नाही. चांगले चाहते तर एका गाण्याला सुटे गुण न देता त्याच बँडची पहिली गाणी शेजारी शेजारी ठेवतात, आणि तिथे चर्चा फार श्रीमंत होते. आयर्न मेडनचंच पाहा. 1983 मध्ये ‘व्हेअर ईगल्स डेअर’ ड्रमच्या फटकाऱ्यानं उघडतं, कारण ड्रमर नवा आला होता आणि त्याची ओळख पहिल्या सेकंदाला करून द्यायची होती. 1995 मध्ये गायक नवा, ब्लेझ बेली. तेव्हा पहिलं गाणं ठेवलं ‘साइन ऑफ द क्रॉस’: अकरा मिनिटांचं, पाद्र्यांच्या मंत्रघोषासारख्या आवाजानं उघडणारं. अर्धे चाहते म्हणाले, नव्या गायकावर पहिल्याच गाण्यात एवढं ओझं का? उरलेले म्हणाले, बँडनं अंधाराचं वचन दिलं आणि अल्बम तसाच अंधारा निघाला, मग तक्रार कसली? मी दुसऱ्या बाजूचा आहे. डिकिन्सन परतल्यावर 2000 मध्ये ‘द विकर मॅन’ सरळ रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चालीवर, सुरू झालं, कसलीच प्रस्तावना नाही. घरी परतलेल्या माणसाला प्रस्तावना लागत नाही.

याहून गंभीर आक्षेप असा: पूर्ण अल्बम ऐकल्याशिवाय पहिल्या गाण्याचा निवाडा करणं म्हणजे पहिला अंक पाहून नाटकाचं परीक्षण लिहिणं. हे मला अर्धं मान्य आहे. पहिल्या दिवशीचे गुण तात्पुरतेच असतात, आणि ते तसेच धरले पाहिजेत. मेटॅलिकाच्या 1986 च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं पहिलं गाणं ‘बॅटरी’ सुमारे अर्धा मिनिट स्पॅनिश वळणाच्या हळुवार गिटारीनं सुरू होतं आणि मग एकदम फुटतं. 1984 च्या अल्बमचंही पहिलं गाणं त्यांनी अगदी याच युक्तीनं उघडलं होतं. एकटं ‘बॅटरी’ ऐकलं तर पुनरावृत्ती वाटते. पूर्ण अल्बम ऐकला की कळतं, हळुवार आणि हिंस्र यांची ही ये-जा अल्बमभर चालू आहे. ती नुसती युक्ती नव्हती. इथे गुण वाढले पाहिजेत. उलट 1991 मध्ये त्यांच्याच नव्या अल्बमचं पहिलं गाणं ‘एंटर सँडमन’ आलं. सावकाश, एकेक वाद्य चढवत नेणारं, कुणालाही गुणगुणता येईल असं. जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक खपला. विश्वासघात म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं, पण वचनाच्या कसोटीवर ते गाणं निर्दोष आहे: यापुढे आम्ही वेग कमी करणार आहोत, हे बँडनं पहिल्याच मिनिटात सांगितलं, लपवलं काहीच नाही. ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘हे गाणं आपलं काम करत नाही’ या दोन गोष्टी सुट्या करायला या एका वादानं कितीतरी जणांना शिकवलं.

राहिला काळाचा आक्षेप. आता अल्बम कोण ऐकतो? याद्या ऐकतात, तुकडे ऐकतात. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की गाणं ‘वाजलं’ असं मोजलं जातं, त्यामुळे लांब प्रस्तावना देणाऱ्या कलाकाराचं नुकसानच. हे खरं आहे, आणि पॉप संगीतावर त्याचा परिणाम झालाही आहे. पण क्रम मेलेला नाही. 2021 मध्ये गायिका अडेलनं आग्रह धरल्यावर त्याच स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं गाणी उलटसुलट वाजवण्याचं ठळक बटण काढून टाकलं. आणि मेटलवाले तर याबाबतीत हट्टीच: त्याच वर्षी आयर्न मेडननं ‘सेनजुत्सु’ अल्बम आठ मिनिटांहून मोठ्या, ढोलासारख्या संथ ठोक्यांवर चालणाऱ्या गाण्यानं उघडला. 30 सेकंदांत त्यात जेमतेम काही घडतं. पहिल्या ऐकण्यात मला ते जड वाटलं तरी त्या हट्टाचा मी आदर करतो.

या सगळ्या कसोट्या उलट्या करून पाहायला लावणारं एक उदाहरण मुंबईतच आहे. साहिल मखिजाच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडनं 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. दहा गाणी, एकेका अवताराचं एकेक. पहिलं गाणं मत्स्य, दुसरं कूर्म, तिसरं वराह, असं करत शेवटी कल्की. कोकणात दशावतारी नाटकं पाहत वाढलेल्या माणसाला हा क्रम सांगावा लागत नाही. इथे पहिलं गाणं कोणतं ठेवायचं हे बँडच्या हाती उरलंच नाही, परंपरेनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. एरवी बँड आपलं सर्वांत धारदार गाणं निवडून पुढे करतो. या बँडला प्रलयाच्या कथेतूनच दार उघडावं लागलं आणि नरसिंहासारखा मेटलला साजेसा अवतार चौथ्या जागी ठेवावा लागला. मग मत्स्याला गुण कसे द्यायचे? निवड म्हणून की रचना म्हणून? माझ्या मते इथे निवडीचे गुण शून्य धरावेत आणि सगळे दहा रचनेवर द्यावेत: ठरून गेलेली कथा ऐकताना पुढे काय होणार हे माहीत असूनही श्रोता दुसऱ्या गाण्यापर्यंत ओढला गेला का, एवढंच पाहावं. दुसरी बाजू म्हणते, दशावतार हा विषय निवडला तेव्हाच बँडनं मत्स्यही निवडला, त्यामुळे निवडीची जबाबदारी त्यांना टाळता येत नाही. या मुद्द्यावर मला अजून पुरतं उत्तर सुचलेलं नाही.